विहिणीच्या आहेराची घडी

म्हैसूरच्या हेब्बाळहून घरी येताना, रिंग रोडच्या सिग्नलपाशी, माझ्या मुलीनं स्कूटरच्या मागच्या सीटवरून मला सांगितलं की तिच्या होणाऱ्या सासरी कपडे घालत नाहीत.

मुद्दाम मागे बसून सांगितलं. समोर बसली असती तर माझा चेहरा बघावा लागला असता. सिग्नल हिरवा झाला, मागून कंपनीच्या बसनं हॉर्न वाजवून कान फोडले, आणि मी तिथंच पाय टेकून उभा.

"म्हणजे कुठं घालत नाहीत?" मी विचारलं.

"कुठंच नाही, अप्पा. घरात, अंगणात, पोहायला. समुद्राजवळ त्यांची वस्तीच आहे तशी. सगळे रिटायर झालेले लोक. तिथं तीच रीत आहे."

"आणि तो?"

"तो लहानपणी. आता ऑफिसात असतो की! चला ना अप्पा, लोक शिव्या देतायत."

तो म्हणजे तिच्या कंपनीत फ्रान्सहून दोन वर्षांसाठी आलेला मुलगा. आमच्याकडे चार वेळा जेवून गेला होता. गळ्यापर्यंत बटणं लावून यायचा. दारात बूट काढले तरी मोजे काढायचा नाही, आणि मी बायकोला म्हणालो होतो, "बघ, किती मर्यादशील मुलगा आहे. पाय सुद्धा दाखवत नाही."

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. कधी काळी मराठी मुलखातून उतरून म्हैसूरला आलो, ते कापड रंगवायला आणि छापायला. माझ्या आजोबांचे हात कोपरापर्यंत निळे होते. ते गेले तेव्हाही निळेच होते. आता रंगाच्या कढया गेल्या आणि मी शाळेच्या गणवेशांचं दुकान चालवतो. पण धंदा तोच. माणसाच्या अंगावर काय असावं, एवढी एकच काळजी आम्ही पिढ्यान् पिढ्या केली. आणि त्या घरची एकुलती एक मुलगी असल्या घरात!

रात्रभर झोप नाही. मुलगा चांगला, मुलगी हट्टी, आणि तिच्या आईनं आधीच जाहीर केलेलं, "घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मुलगी देणार नाही. तिथं जाऊन, बसून, मग काय ते सांगेन." म्हणजे सगळं बायकोच्या होकारावर आलं होतं. मुलगीही म्हणाली, "आई नाही म्हणाली तर मी नाही करणार, अप्पा. पण तिला आधी सगळं सांगा. तुम्ही सांगा. माझ्यानं नाही होणार. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

आणि पहाटे माझ्या डोक्यात ती अक्कल चमकली, जिच्यापायी मी आजही घरात मान खाली घालून फिरतो. मी विचार केला, हे लोक उन्हाळ्यात करत असतील असले उद्योग. थंडीत? फ्रान्समध्ये? डिसेंबरात आपल्याला म्हैसूरला कानटोपी लागते. तिथं कोण मायेचा पूत अंगावरचं उतरवेल? मग बायकोला सांगून घाबरवायचं कशाला, सुम्ने, उगीचच? नाताळात जाऊ, सगळ्यांना कोट-मफलरात बघू, होकार देऊ, परत येऊ. बाकीचं लग्नानंतर हळूहळू समजेल. समजलं नाही तर आणखी उत्तम.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी मुलीकडून त्यांना पत्र लिहवून घेतलं. हात मागे बांधून खोलीत फेऱ्या घालत मजकूर सांगितला: 'आम्ही मोकळ्या मनाचे लोक आहोत. आमच्यामुळे आपल्या रीतीभातीत तसूभरही बदल करू नये. आम्हाला परके मानू नये.' मुलगी म्हणाली, "अप्पा, नक्की? आई पण तयार?" मी म्हणालो, "तुझ्या आईला तू अजून ओळखलं नाहीस."

मीही ओळखलं नव्हतं.

तयारी सुरू झाली. पिरियापट्टणच्या पुढं तिबेटी लोकांची वस्ती आहे, तिथून स्वेटर, कानटोप्या आणि अंगाला चिकटून बसणारे गरम पायजमे आणले. मला दोन, एकावर एक घालायला. बायकोनं कोडबळी तळून डबा भरला. आणि आहेर घेतला. विहिणीला डाळिंबी रंगाची म्हैसूर सिल्क, व्याह्यांना धोतर-उपरणं आणि जरीचा म्हैसुरी पेटा, म्हणजे बांधलेली पगडी, तिच्या गोल डब्यासकट.

आता इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही सोयरीक ठरवायला जातो तेव्हा आहेराचं कापड समोरच्यानं तिथल्या तिथं अंगावर घालायचं असतं. घडी मोडायची. ती मोडली की सोयरीक मानली. घडी मोडेपर्यंत आम्ही त्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. माझ्या बहिणीच्या वेळी पिरियापट्टणच्या एका व्याह्यांनी धोतर हसत हसत ट्रंकेत ठेवून दिलं. माझे वडील तिथून उपाशी उठले आणि शेवटच्या बसनं परत आले. ती सोयरीक तिथंच मोडली.

असा आहेर बांधून मी कुठं निघालो होतो, हे मला ठाऊक होतं. बायकोला नव्हतं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो. पाईनची झाडं, धुकं, समुद्राचा बोचरा वारा. फाटकावरचा माणूस जाडजूड ओव्हरकोटात. एक म्हातारी कुत्रा फिरवत होती. तिच्या अंगावर जाकीट होतंच, पण कुत्र्याच्या अंगावरही होतं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. बायकोच्या कानात म्हणालोसुद्धा, "बघ, कुत्र्याला पण उघडं ठेवत नाहीत." मुलीनं माझ्याकडे चमकून पाहिलं. मी झाडांकडे पाहिलं.

व्याही फाटकावर आले. कोट, टोपी, हातमोजे, भरघोस मिशा. आयुष्यभर टपाल वाटलेला माणूस. त्यांनी आमच्या बॅगा दोन्ही हातांत उचलल्या तशी बायको खूश झाली. "माणूस कामाचा आहे, री," ती म्हणाली. री म्हणजे अहो. आमच्याकडे बायका नवऱ्याला कानडीत हाक मारतात आणि मराठीत ओरडतात.

घरात शिरलो. आत भट्टीसारखी ऊब. दाराशी खुंट्यांची रांग. व्याह्यांनी कोट काढून पहिल्या खुंटीला लावला. टोपी दुसरीला. आपण दारात चपला काढतो तसं अगदी सहज, बोलता बोलता, प्रवास कसा झाला विचारता विचारता. मग स्वेटर तिसरीला, शर्ट चौथीला. मी खुंट्या मोजत होतो. सहा होत्या. पाचवीला पँट गेली तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. सहावीचं मी सांगत नाही.

तेवढ्यात आतून विहीणबाई हात पसरून आल्या. गळ्यात मोत्यांची माळ, नाकावर चष्मा. बस.

माझं काय झालं ते नीट सांगता येत नाही. पायाखाली पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. मला सगळं ठाऊक होतं, महिनाभर ठाऊक होतं, तरी. आणि बायको? ती भिंतीकडे वळली. तिथं टपालखात्याचं कॅलेंडर होतं. ती डिसेंबर महिना एक-एक तारीख करून वाचत असावी तशी उभी राहिली.

"री," कॅलेंडरलाच म्हणाल्यासारखं ती म्हणाली, "ह्यांना फार उकडतंय का?"

मुलगी गोरीमोरी झाली. "आई, अप्पांनी तुला सांगितलं होतं ना?"

बायको वळली. आधी तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या आहेराच्या पिशवीकडे. ती पिशवी तिनं माझ्या हातातून काढून घेतली, छातीशी धरली आणि बसली. मला अजून आठवतं, एक शब्द बोलली नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. तिचं ओरडणं मी वारा-पावसासारखं सोसलं होतं. हे गप्प बसणं नवीन होतं.

बिचाऱ्या यजमानांना काय पत्ता! त्यांच्या हातात माझं पत्र होतं, मोकळ्या मनाचं. विहीणबाईंनी कॉफी आणली, केक आणला. बायकोनं हात जोडून नाही म्हटलं. पाणी आणलं. तेही नाही. मुलगा तेवढा आमच्या मानाखातर हाफ पँट घालून कोपऱ्यात उभा होता, आणि घाम आम्हा दोघांनाच फुटला होता.

आम्हाला दिलेल्या खोलीत गेल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

"सकाळच्या गाडीचं तिकीट बघा."

"अगं, माणसं चांगली…"

"माणसांचं मी काही बोललेच नाही."

"मग आहेर?"

"आहेर परत म्हैसूरला."

संपलं. मुलगी दाराबाहेर उभी होती. तिनं ऐकलं. रडली नाही, फक्त म्हणाली, "तुम्ही कबूल म्हणाला होता, अप्पा." मी न्हाणीघरात जाऊन दार लावलं आणि एक कोडबळं खाल्लं. ते आपल्या घरचं होतं, त्याला रीतीची अडचण नव्हती.

संध्याकाळी वस्तीच्या हॉलमध्ये नाताळचं जेवण होतं. नाही म्हणता येईना, मुलगी म्हणाली, "शेवटचं एवढं करा." मी दोन्ही गरम पायजमे, वर पँट, स्वेटर, कोट आणि कानटोपी अशा थाटात गेलो. घाबरलेला माणूस कपडे वाढवतो, असा माझा अनुभव आहे.

हॉलच्या मधोमध रोषणाई केलेलं झाड. त्याभोवती चाळीसेक आजी-आजोबा, जन्माला आले तसे. एकाच्या डोक्यावर हरणाची शिंगं. नाताळबाबा होता, लाल टोपी आणि पांढरी दाढी, बाकी पोशाख रजेवर. कोणी सूप ढवळतंय, कोणी पियानो वाजवतंय, दोन बायका टेबलावर मेणबत्त्या लावताना बारीक आवाजात भांडतायत. कोणाच्या चेहऱ्यावर काही विशेष चाललंय असं नाही! आणि विशेष दिसत होतो तो मी. पोरं असती तर माझ्यामागे लागली असती.

बघायचं कुठं? खाली बघावं तर पंचाईत, समोर बघावं तर महापंचाईत. म्हणून मी छताकडे बघत राहिलो. एवढा वेळ, की एका सत्तरीच्या गृहस्थांना वाटलं मी इमारतींचा जाणकार आहे. त्यांनी माझा हात धरून हॉलभर फिरवलं आणि एकेक तुळई दाखवली. ओकची कोणती, पाईनची कोणती, गळती कुठं होती. मी कानडीत "हौदु, हौदु", म्हणजे हो हो, करत मान वर करून चाललो आणि सुपाच्या टेबलाला धडकलो.

एक गोष्ट मात्र बायकोच्या नजरेतून सुटली नव्हती. प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेल होता. बसताना आधी खुर्चीवर टॉवेल पसरायचा, मगच टेकायचं. एक म्हातारा विसरला तर तिघींनी त्याला झापलं. बायको मुलीला हळूच म्हणाली, "आपल्या आजीच्या सोवळ्यासारखं आहे हे. आपापलं आसन." मुलीनं मान हलवली. मी आशेनं कान टवकारले. पण तिनं पिशवी मांडीवर आणखी घट्ट धरली.

ताटं वाढली गेली. बायकोचं रिकामं. पाण्याचा पेला पालथा.

विहीणबाई उठल्या, आमच्याकडे आल्या. त्यांनी टॉवेल पसरला आणि बायकोच्या शेजारी बसल्या. मुलगी दोघींच्या मध्ये बसून दुभाषी झाली.

"आई, त्या विचारतायत, पिशवीत आहे ते त्यांच्यासाठी आणलं होतं का."

बायकोनं पिशवीची गाठ मुठीत धरली.

"त्यांना मी सांगितलं आपल्या रीतीचं. घडीचं. त्या म्हणतायत, माझ्या घरात आलेली बाई दिवसभर पाण्यावाचून बसली आहे, मला जेवण जाणार नाही. त्या म्हणतायत, ह्या हॉलमध्ये वीस वर्षांत मी अंगाला चिंधी लावली नाही. इथं तसा नियमच आहे. पण आज लावते. फक्त कशी नेसायची ते मला येत नाही."

बायकोनं पहिल्यांदा त्या बाईच्या तोंडाकडे नीट पाहिलं. दोघींच्या वयात फार फरक नव्हता. पियानो थांबला होता. माझ्या कानटोपीतून घाम मानेवर उतरत होता. मग बायकोनं पिशवीची गाठ सोडली.

डाळिंबी सिल्क उलगडली तसा हॉलभर "ओ" असा आवाज झाला. आमच्या आजोबांना तो आवाज आवडला असता. बायको उभी राहिली, पदर खोचला, विहिणीला झाडासमोर उभी केली, आणि कमरेशी साडी धरून थबकली.

"अय्यो! हिला परकर कुठाय? खोचू कशात मी?"

हा प्रश्न वेदांतही कोणाला पडला नसेल. म्हैसूर सिल्क पाण्यासारखी निसटणारी; नाडी नसेल तर निरी राहील कशी? बायकोची नजर हॉलभर फिरली. मुलाची हाफ पँट इलॅस्टिकची; हॉलमध्ये चाळीस माणसं आणि कंबरेला काहीही बांधलेला इसम एकच.

"री. बेल्ट काढा."

"अगं पण माझी पँट…"

"बेल्ट."

मी बेल्ट दिला. माझ्या दुकानातलाच होता, शाळेच्या मुलांचा असतो तसला, बकलावर शिक्का असलेला. तिनं तो विहिणीच्या कमरेला आवळला, त्यात निऱ्या खोचल्या, पदर चष्मा सांभाळत खांद्यावर टाकला आणि दोन पावलं मागे सरून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर दुकानातला तो भाव आला, गिऱ्हाइकाला माप बरोबर बसल्याचा. विहीणबाईंनी गिरकी घेतली. चाळीस म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता ह्यांचं," बायको मला म्हणाली. दिवसातलं हे पहिलं सरळ वाक्य. "पेटा घाला व्याह्यांना. दोन्ही हातांनी. नीट."

मी डाव्या हातानं पँट धरून उभा होतो. पण पेटा एका हातानं घालता येत नाही. तो मान आहे, जोखड नव्हे. व्याही मिशा सावरून माझ्यासमोर आले, मान झुकवली. मी छताकडे बघत मनात कुलदेवतेचं नाव घेतलं, हात सोडला, जरीचा पेटा दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला.

ठेवला, आणि पँट खाली गेली. पाठोपाठ वरचा गरम पायजमा, कारण त्याची नाडी घाईत नीट बांधली नव्हती. खालचा तेवढा तिबेटी इमानानं टिकला.

आणि मग जो जल्लोष झाला! त्यांना वाटलं, पाहुणा अखेर आपल्यात आला. हरणाच्या शिंगांचे गृहस्थ माझी पाठ थोपटायला लागले. नाताळबाबानं मिठी मारली. एक आजी लगबगीनं आली आणि मोठ्या मायेनं तिनं माझ्या खांद्यावर धुतलेला टॉवेल टाकला, बसायला. मी वाकून पँट शोधतोय, कानटोपी डोळ्यांवर आलेली, आणि त्या काळोखात मला एक आवाज ऐकू आला.

बायको हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, विहिणीच्या खांद्याला धरून. विहीणही हसत होती, तिच्या निऱ्या सुटायला लागल्या, दोघींनी मिळून त्या परत खोचल्या.

मग बायकोनं पेला सुलटा केला. विहिणीनं त्यात पाणी ओतलं. ती प्यायली.

मुलगी तिच्याकडे बघत होती. "आई?"

"माणसं बरी आहेत," बायको ताट पुढं ओढत म्हणाली. "दारातच सगळं काढून दाखवलं बिचाऱ्यांनी. काही लपवलं नाही. महिनाभर लपवलं ते तुझ्या बापानं. तू तिथं खुशाल राहा. मी इथं ह्यांच्याबरोबर कशी राहू तेवढं सांग."

मुलगी तिच्या गळ्यात पडली. मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी टॉवेल पसरून त्यावर बसलो आणि सूप प्यायलो.

लग्न म्हैसूरलाच झालं. व्याही सगळ्या कपड्यांत आले, वर पेटा. विहीणबाईंनी डाळिंबी साडी स्वतः नेसली होती, आत व्यवस्थित परकर होता, तरी वरून माझा बेल्ट. कृष्णराजनगरच्या आमच्या आत्यांना वाटलं तिकडचा कमरपट्टाच आहे.

जेवणाच्या पंगतीत आत्यांनी बायकोला विचारलं, "तू गेली होतीस ना? घर कसं आहे गं त्यांचं? रीतभात?"

बायको वाढता वाढता थांबली. पदरानं तोंड पुसलं. "मला काय विचारता? मी सुम्ने आहेराची पिशवी सांभाळत बसले होते. ह्यांना विचारा. ह्यांना आधीपासून सगळं ठाऊक होतं."

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. समोर व्याही, मिशीला भात.

"छत फार सुरेख आहे," मी म्हणालो. "ओकच्या तुळया आहेत."